पोर्तुगालात फिरायचं कसं? गोव्याहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मावसबहीण लिस्बनच्या उत्तरेला ओदिव्हेलशला राहते. त्या निमित्ताने माझ्या तीन फेऱ्या झाल्या. एकदा एकटा, एकदा बायको-मुलांबरोबर आणि शेवटची आईला घेऊन. तेव्हापासून फोंड्यात कोणी तिकडचं तिकीट काढलं की आधी मला फोन येतो, ‘तू जाऊन आलास मरे, जरा सांग.’ प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

एक आधीच सांगतो. पोर्तुगालात गोवेकराला घोळात टाकते ती ओळख. आडनावं आपल्याकडची, इगर्जी आपल्याकडच्या, पाव आपला. त्यामुळे बाकीचंही सगळं कळतंय असं वाटायला लागतं आणि नेमका तिथेच पाय घसरतो. खाली त्याचे नमुने येतीलच. भाड्याचे आकडे मुद्दाम ढोबळ दिले आहेत, कारण दर जानेवारीला ते थोडे वर सरकतात.

आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीचा गोव्यातला. मग मला व्हिसा कशाला?

कारण तुमच्या हातात भारतीय पासपोर्ट आहे. पूर्वजांच्या जन्मनोंदीवरून नागरिकत्वाचा दावा करणं हा वेगळा, लांबचा रस्ता आहे. तो पूर्ण होऊन कागद हातात येईपर्यंत तुम्ही चारचौघांसारखे पर्यटक. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, काढायचा आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना काही नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान १५ दिवस आधी करायचाच, पण मी म्हणेन दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. निदान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने तरी चालू हवा. पोर्तुगालबरोबर स्पेन किंवा पॅरिसही करणार असाल, तर ज्या देशात जास्त रात्री काढणार तिथल्या व्हिसासाठी अर्ज करायचा. ‘पणजीत पोर्तुगालचा महावाणिज्य दूतावास आहे, म्हणून तिथूनच काढतो’ हा हिशेब चालत नाही.

दाबोळीहून किंवा मोपाहून थेट विमान आहे का?

नाही. कुठेतरी विमान बदलावंच लागतं. दुबई, इस्तंबूल, फ्रँकफर्ट अशा ठिकाणी. इथे एक बारकी गोष्ट ध्यानात ठेवा. फ्रँकफर्टमार्गे गेलात, तर युरोपात शिरण्याची तपासणी फ्रँकफर्टलाच होते, लिस्बनला नाही. म्हणजे पुढच्या विमानाला दीड तास असेल तर तो रांगेतच जातो. दुबईमार्गे गेलात तर तपासणी लिस्बनला, आणि तिथे घाई कसली, उतरायचंच असतं. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यामुळे रांग पहिल्यापेक्षा लांब धरून चाला. म्हाताऱ्या माणसांसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. आईला चालता येतं, तरी मी सांगितली होती. तिच्यामुळे मीही लवकर सुटलो.

लिस्बनच्या विमानतळावरून शहरात कसं जायचं?

मेट्रोने. विमानतळाबाहेर आलात की स्टेशनच आहे, लाल मार्गाचं शेवटचं. सकाळी साडेसहा ते रात्री एक. जुन्या शहरात राहणार असाल तर आलामेदा स्टेशनवर हिरवा मार्ग पकडायचा, रोसियुला उतरायचं. सगळा मिळून अर्धा-पाऊण तास. मोठ्या बॅगा तीन-चार असल्या तर टॅक्सी परवडते, कारण विमानतळ शहरातच आहे. मोपाहून मडगाव गाठण्यासारखा प्रकार नाही.

आता ओळखीचा पहिला फटका. काचेच्या दारावर ‘पुश’सारखा उच्चार होणारा शब्द लिहिलेला असतो. मी पहिल्या दिवशी बॅग टेकवून, खांदा लावून ढकलत राहिलो. मागे एक आजीबाई शांतपणे उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे करून दार स्वतःकडे ओढलं आणि मला आधी जा म्हणाल्या. त्या शब्दाचा अर्थ ‘ओढा’. ढकलायचं असेल तिथे ‘एंपुर्र’ लिहिलेलं असतं.

मेट्रोचं कार्ड काय प्रकार आहे? कुटुंबाला एक पुरतं का?

पुरत नाही, माणशी एक. ‘नाव्हेगांत’ नावाचं ते कागदी कार्ड अर्ध्या युरोला यंत्रातून मिळतं आणि वर्षभर चालतं, तेव्हा पहिल्या दिवशी फेकून देऊ नका. (आमच्या मुलाने तेच केलं.) त्यात तीन प्रकारे पैसे भरता येतात: एका फेरीचं तिकीट, २४ तासांचा पास, किंवा नुसती रक्कम. या तिसऱ्याला तिथे ‘झॅपिंग’ म्हणतात. एका फेरीला दोन युरोंच्या आत पडतात, २४ तासांच्या पासाला सातच्या आसपास. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा चढ-उतार होणार असेल तर पास, नाहीतर झॅपिंग. झॅपिंग मेट्रो, बस, ट्राम, उपनगरी रेल्वे, फेरीबोट सगळीकडे चालतं. फक्त एकाच कार्डावर झॅपिंग आणि साधं तिकीट यांची सरमिसळ होत नाही, आधीचं संपवावं लागतं. हल्ली मेट्रोच्या फाटकावर बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्डही टेकवता येतं, पण तेही माणशी एकच.

बाहेर पडतानाही कार्ड लागतं. खिशात खोल ठेवू नका.

ती पिवळी ट्राम, अठ्ठावीस नंबरची, चुकवू नका म्हणतात. खरं का?

खरं आहे, पण जशी लोक करतात तशी करू नका. मार्तीं मोनीजपासून कांपु द ओरीकपर्यंत ती जाते. डबे १९३०च्या दशकातल्या घडणीचे, लाकडी बाकांचे. आल्फामा या जुन्या वस्तीतल्या गल्लीत तिचा आरसा आणि घराची भिंत यांत हात मावेल न मावेल एवढंच अंतर राहतं. सकाळी दहानंतर मात्र मार्तीं मोनीजला तासाभराची रांग, आणि चढल्यावर जत्रेतल्या कदंब बससारखी गर्दी. जत्रेला निदान सगळे आपले असतात. इथे त्या गर्दीत पाकीटमार असतातच असतात. ट्राममध्येच तशा सूचना लावलेल्या आहेत.

मी सावध होतो. पाकीट पुढच्या खिशात, त्यावर हात. एका वळणावर तोल गेला म्हणून दांडी धरायला तो हात वर गेला, तेवढाच. उतरल्यावर खिसा हलका. पासपोर्ट घरी होता हे नशीब; गेले साठ युरो आणि चालक परवाना. तो परत काढायला फोंड्याच्या वाहतूक कचेरीत किती चकरा झाल्या ते इथे नको.

तेव्हा सकाळी आठच्या आत जा, किंवा उलट्या टोकाकडून, कांपु द ओरीकहून बसा. तिकीट चालकाकडून घेतलंत तर जवळजवळ दुप्पट पडतं, कार्ड आधीच भरून ठेवा. आणि बेलें या नदीकाठच्या भागात जायला पंधरा नंबरची लांब, नवी ट्राम आहे. ती फोटोत तेवढी छान दिसत नाही, पण बसायला जागा मिळते.

डोंगरावर चढणाऱ्या दोरखंडाच्या जुन्या गाड्या, ग्लोरिया वगैरे, यांच्या भरवशावर बेत आखू नका. ३ सप्टेंबर २०२५ला ग्लोरियाची दोरी तुटून १६ माणसं गेली, आणि त्यानंतर या गाड्या बंद ठेवण्यात आल्या. तिथे पोहोचल्यावर चौकशी करा.

चालावं किती लागतं? आईच्या गुडघ्यांना झेपेल का?

पुष्कळ लागतं, आणि चढावर. पणजीच्या आल्तिनोचा चढ दिवसातून पाच वेळा, असं समजा. चढापेक्षा वाईट ती फरसबंदी. पांढऱ्याकाळ्या चुनखडीचे मुठीएवढे दगड हाताने बसवलेले, आणि शंभर वर्षं लोकांच्या पायांनी घासून आरशासारखे झालेले. पाऊस शिंपडला की त्यावर चप्पल घालून चालणं म्हणजे शेवाळ्यावर चालणं. आई पहिल्या दिवशी साडी आणि रबरी चपला घालून निघाली. शियादुच्या उतारावर मी एका बाजूने आणि एका अनोळखी पोराने दुसऱ्या बाजूने धरून तिला खाली आणली. संध्याकाळी तीस युरोंचे बूट घेतले. पुढचे नऊ दिवस नऊवारी आणि स्पोर्ट शूज. तिला लोकांनी फोटोसाठी थांबवलं ते वेगळंच.

बाय्शा-शियादु मेट्रो स्टेशनचे सरकते जिने सखल भागातून थेट वरच्या भागात नेऊन सोडतात. चढ टाळायचा हा सगळ्यांत चांगला उपाय. सांता जुश्ताच्या १९०२ सालच्या लोखंडी लिफ्टसाठी लोक रांगेत उभे राहतात, तेवढ्या वेळात तुम्ही वर पोहोचून कॉफी प्यालेले असता.

लिस्बन ते पोर्तो रेल्वे की विमान?

रेल्वे, दोनदा विचार करू नका. सरकारी रेल्वेचं नाव सीपी. सगळ्यांत वेगवान गाडी आल्फा पेंदुलार, तिला तीन तासांच्या आसपास लागतात; इंतेर्सिदादिश थोडी सावकाश आणि स्वस्त. दोन्हींना आरक्षण असतं. लवकर काढलेल्या तिकिटाला बरीच सूट मिळते, तेव्हा तारीख नक्की झाली की काढून टाका. पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्यांना निम्मं भाडं, परदेशी असलात तरी. पासपोर्ट जवळ ठेवा. चार ते बारा वर्षांच्या मुलांनाही निम्मं.

स्टेशनांची नावं मात्र नीट वाचा. लिस्बनला गाडी सांता आपोलोनियाहून सुटते आणि ओरियेंतला थांबते. ओरियेंत हे १९९८च्या जागतिक प्रदर्शनासाठी सांतियागो कालात्रावाने बांधलेलं, वर पोलादी झाडांचं रान असल्यासारखं छत. मेट्रोला जोडलेलं असल्याने सोयीचं. पोर्तोला लांबच्या गाड्या कांपान्यां स्टेशनावर थांबतात. तिथून गावातल्या साव बेंतुला लोकलने पाच मिनिटं. या साव बेंतुच्या दिवाणखान्यात सुमारे वीस हजार निळ्या चित्रफरशा आहेत, आणि गाडी पकडायला धावणारे लोक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. वाटेतल्या कोईंब्रा शहराला जायचं तर उतरायचं ते ‘कोईंब्रा-बे’ला.

पोर्तोला पोहोचलात आणि एक दिवस हातात असला, तर दोरू नदीच्या काठाने जाणारी रेल्वे धरा, रेगुआ किंवा पिन्यांवपर्यंत. जाताना उजव्या हाताच्या खिडकीला बसा. तासाभराने नदी उजवीकडे येते ती सोडत नाही. समोर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे द्राक्षांचे मळे. मी तीनही खेपांना गेलो, आणि पुन्हा गेलो तरी हेच करीन.

फातिमाला रेल्वेने जाता येतं ना? नकाशावर स्टेशन दिसतं.

दिसतं, आणि तिथेच लोक फसतात. फातिमा नावाचं स्टेशन तिथल्या मरियामातेच्या देवस्थानापासून सुमारे वीस किलोमीटर लांब आहे. थिवीला उतरून कळंगुट शोधण्यासारखं. बसने जा. लिस्बनच्या सेत रियुश स्थानकातून दीड तासात पोहोचते आणि देवस्थानाजवळ सोडते. सेत रियुशला मेट्रोचं स्टेशन आहे, फक्त त्याचं नाव ‘जार्दीं झूलॉजिकु’.

आमची आई दर वर्षी म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहते, तेव्हा फातिमाला गेल्याशिवाय ती परतणार नव्हतीच. मोकळं, प्रचंड पटांगण. त्यातून गुळगुळीत पट्टी गेलेली, नवस बोललेले लोक तिच्यावरून गुडघ्यांनी जातात. मेणबत्त्या लावायच्या जागी एवढी धग की हात लांब करूनच मेणबत्ती टोचावी लागते. मेणाचे हात, पाय, डोकी विकायला असतात, ज्याचं जे दुखतं ते. आईने गुडघा घेतला. १३ मे आणि १३ ऑक्टोबर हे मोठे दिवस. त्या आठवड्यात जायचं तर राहण्याची सोय फार आधी करावी लागते.

गाडी भाड्याने घ्यावी का?

लिस्बन आणि पोर्तोत अजिबात नको. आलेंतेजुतली खेडी, डोंगरातला भाग, अल्गार्व्हचे आडबाजूचे किनारे करायचे असतील, तर घ्या. तिथे बस दिवसातून दोनदा येते.

गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, स्टिअरिंग डावीकडे. यात एक गंमत आहे. पोर्तुगालही पूर्वी डावीकडूनच चालायचं. १ जून १९२८ला त्यांनी बाजू बदलली, पण गोवा, मकाव आणि मोझांबिकला तसंच ठेवलं, कारण या वसाहतींच्या सीमेपलीकडे सगळे डावीकडून चालत होते. म्हणजे सावंतवाडीच्या रस्त्यामुळे पेडणेकर डावीकडे राहिला. त्याची किंमत आज आपण तिथल्या वर्तुळाकार चौकात चुकवतो. वर्तुळात शिरताना डावीकडे बघायचं, आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, आणि फेरा घड्याळाच्या उलटा.

निघण्यापूर्वी इथल्या वाहतूक कचेरीतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो. मूळ परवानाही बरोबर लागतो. वेगमर्यादा वस्तीत ५०, वस्तीबाहेर साधारण ९०, महामार्गावर १२०. रक्तात मद्याची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम. दुपारच्या जेवणाबरोबर वाइन घेणार असाल, तर चावी दुसऱ्याकडे द्या. गाडीत चमकणारं जाकीट आणि त्रिकोण असायला हवा, ताब्यात घेताना बघून घ्या.

टोलचं प्रकरण समजून घ्या. हिरव्या ‘व्हिया व्हेर्द’ रांगेत टोल आपोआप कापणारं यंत्र लावलेल्या गाडीनेच शिरायचं. काही रस्त्यांवर तर टोलनाकाच नसतो, वरून कॅमेरा फोटो काढतो. गाडी घेताना ते यंत्र मागा, दिवसाचे थोडे पैसे पडतात. अल्गार्व्हचा ए-२२ आणि आणखी काही रस्ते १ जानेवारी २०२५पासून टोलमुक्त झाले आहेत, हे मात्र चांगलं झालं.

माझ्या चुलतभावाने यंत्र नको म्हटलं. परत आल्यावर तीन महिन्यांनी त्याच्या कार्डावरून टोल, त्यावर दंड, त्यावर गाडीवाल्यांचा ‘कारकुनी आकार’, असे तीन वेळा पैसे गेले. शिवाय मागच्या दाराला आधीपासून असलेला ओरखडा त्याच्या नावावर. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, छपराचाही.

आणि स्कूटर?

ओल्या दगडांवर, ट्रामच्या रुळांवर, उजव्या बाजूने? नको.

टॅक्सीवाले कसे आहेत?

मीटर असतो आणि तो चालू असतो. हे वाचून हसू नका, मलाही पहिल्यांदा मीटरकडे बघत बसावंसं वाटलं. टॅक्स्या काळ्या-हिरव्या किंवा फिकट पिवळसर. उबर आणि बोल्टही सर्रास चालतात, किंमत आधी कळते. चौघांत एक बोल्ट कधीकधी मेट्रोपेक्षा स्वस्त पडते.

तिथे फेरीबोट आहे म्हणे?

आहे, आणि मी तर म्हणतो लिस्बनला गेलेल्या गोवेकराने ती एकदा धरलीच पाहिजे. काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून तेझु नदी ओलांडून काकिल्याशला, दहा मिनिटांत. बेतीच्या फेरीसारखी उघडी नाही, बंद काचांची आहे, आणि माणसालाही पैसे पडतात, मेट्रोच्याच कार्डावर. पण कामावरून परतणारे लोक तसेच. कुणी पेंगतंय, कुणी भाजीची पिशवी पायांत धरून उभं, आणि धक्का लागायच्या आधीच सगळे दाराशी. संध्याकाळी परतताना उजेड शहराच्या पिवळ्या भिंतींवर पडतो आणि डावीकडे लाल झुलता पूल दिसतो. हा पूल १९६६ साली हुकूमशहा सालाझारच्या नावाने खुला झाला. २५ एप्रिल १९७४च्या क्रांतीनंतर त्याचं नाव ‘२५ एप्रिल’ झालं. त्यावर टोल फक्त लिस्बनमध्ये शिरताना, जाताना फुकट.

सिंत्रा एका दिवसात होतं का?

लिस्बनजवळचं हे राजवाड्यांचं गाव. होतं, एक-दोन वाडेच बघायचे ठरवलं तर. रोसियु स्टेशनातून लोकल, चाळीस मिनिटं. स्टेशनाबाहेरून ४३४ नंबरची बस किल्ला आणि पेना राजवाडा करून परत येते. पेनाला आत जायची वेळ तिकिटावर छापलेली असते, आणि फाटकापासून राजवाड्यापर्यंत चढ आहे. साडेदहाची वेळ असेल तर दहाला फाटकात हवं. गाडी घेऊन जाऊ नका, वर जाऊ देत नाहीत.

सिंत्राच्या झाडीत पेन्या व्हेर्द नावाची एक खासगी वाडी आहे, गोव्याचा व्हाइसरॉय दों जुआंव द काश्त्रूची. त्याने सोमनाथहून १२८७ सालचा एक संस्कृत शिलालेख उचलून तिथे नेला. आत सहसा जाता येत नाही. बसमधून त्या दिशेला बघत आई म्हणाली, ‘एवढा धोंडा जहाजात घातला कसा?’ मला उत्तर आलं नाही.

भाषेचं काय? इंग्रजीवर भागतं?

शहरात आरामात. शिवाय आपल्याकडे घरबसल्या निम्मी शिदोरी आहे: जनेल, मेज, चावी, साबण, बालदी, बटाटा, काजू, अननस. पण हे शब्द ऐकायला गेलात तर सापडणार नाहीत, कारण तिथले लोक स्वर गिळून बोलतात. वाचायला मात्र उपयोगी पडतात.

प्रवासात लागणारे निराळे. कोंबॉयु म्हणजे रेल्वे, आउतोकार्रु बस, पाराजें थांबा, सायदा बाहेरचा रस्ता. आणि ग्रेव्ह म्हणजे संप. हा शब्द स्टेशनावरच्या फलकावर दिसला तर जेवण उरकून घ्या, लांब बसावं लागेल. रेल्वे आणि मेट्रोचे संप अधूनमधून होतात, पण आधी जाहीर होतात. परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळच्या गाडीवर विसंबू नका, आदल्या रात्रीच विमानतळाच्या गावात या. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’, बाईने ‘ओब्रिगादा’ म्हणायचं. समोरचा कोण ते बघायचं नसतं, आपण कोण ते बघायचं.

खाण्यात काय सांभाळायचं?

बसल्याबसल्या समोर पाव, लोणी, ऑलिव्ह येतात. आपल्याला वाटतं पाहुणचार. तो बिलात लागतो. नको असेल तर हात न लावता परत द्या, पैसे द्यावे लागत नाहीत.

दुसरा ओळखीचा सापळा म्हणजे ‘शामुसा’. दुकानाच्या काचेत दिसणारा हा त्रिकोण म्हणजे आपला सामोसाच, इकडूनच तिकडे गेलेला. आत बटाटा असेल असं धरून चालू नका, बहुधा गोमांस किंवा कोंबडी असते. ‘काल्दु व्हेर्द’ नावाचं हिरवं सूप पालेभाजीचं, पण वर चोरिसाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती तरंगत असते. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. जून महिन्यात रस्त्यावर सार्डिन भाजतात, तो वास घेऊन आईला थेट घरची आठवण झाली. आपला तारलाच तो, फक्त अंगाने मोठा. शुद्ध शाकाहारींनी ‘सें कार्न, सें पेश’ पाठ करावं: मांस नको, मासा नको. लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, आणि मार्तीं मोनीजच्या आसपास डाळ, तांदूळ, कढीपत्ता, सगळं मिळतं. दुपारचं जेवण तीनच्या आत, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात बऱ्याच खानावळींची चूल थंड असते.

पैसे?

यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, थोडी रोकड लागते. एटीएमवर ‘मुल्तिबांकु’ची खूण बघा. यंत्राने ‘रुपयांत वळवू का’ विचारलं तर नाही म्हणा, युरोतच घ्या. रुपयांतला दर नेहमी महाग असतो.

कधी जावं?

मे, जून किंवा सप्टेंबर, ऑक्टोबरची सुरुवात. जुलै-ऑगस्टमध्ये आलेंतेजुत चाळीसपर्यंत पारा जातो. घाम येत नाही म्हणून कळत नाही, डोकं धरतं. समुद्र मात्र ऑगस्टमध्येही बर्फासारखा. कोलव्याला पोहणारे आमचे चिरंजीव लिस्बनजवळच्या किनाऱ्यावर गुडघ्यापर्यंत जाऊन परत आले. पाऊस हिवाळ्यात पडतो.

जमलं तर २३ जूनच्या रात्री पोर्तोत असा. साव जुआंव, म्हणजे आपलं सांजांव. आपण डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारतो, ते एकमेकांच्या डोक्यात प्लॅस्टिकचे हातोडे घालतात. अनोळखी आजोबाही घालतात. रागवायचं नसतं.

काही बिनसलं तर?

पोलीस, रुग्णवाहिका, आग, सगळ्याला ११२. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग लिस्बनमधला भारतीय दूतावास. पासपोर्टाची आणि व्हिसाची प्रत फोनमध्येही ठेवा आणि कागदावरही, कारण चोर फोनही नेतो.

गोव्याशी संबंध असलेलं काय बघावं?

बेलेंच्या जेरोनिमुश मठात दारातून शिरताच दोन बाजूंना दोन थडगी आहेत. एक वास्को द गामाचं, दुसरं १५५३ साली गोव्यात आलेला कवी कामोंइश याचं. सोमवारी बंद. जवळच्या चौकात उंच खांबावर गोवा जिंकणारा आल्बुकेर्क उभा आहे. आल्कांतारातलं ओरिएंत संग्रहालय निवांत असतं. तिथली हस्तिदंती, रोझवूडची कामं बघताना मडगावच्या जुन्या घरांची आठवण येते. ‘कासा द गोवा’ ही संस्थाही त्याच भागात. आणि ज्यांना घराण्याच्या, देवळांच्या जुन्या कागदांचं वेड आहे त्यांनी विद्यापीठाजवळच्या तोर्रे दु तोंबु या सरकारी दप्तरखान्यात एक दिवस काढावा. बरोबर आलेल्यांना त्या दिवशी दुसरीकडे धाडून द्या.

येताना काय आणावं?

डबाबंद सार्डिन, त्यांच्या डब्यांची चित्रं माशांपेक्षा सुंदर असतात. निळी फरशीही आणा, पण नवी. मंगळवारी आणि शनिवारी भरणाऱ्या फेरा दा लाद्रा बाजारात जुन्या फरशा स्वस्त मिळतात. नावाचा अर्थच ‘चोरणीचा बाजार’, आणि त्यातली एखादी कुणाच्या तरी घराच्या भिंतीवरून उचकटलेली असू शकते. आईने दुकानातून आठ युरोंची नवी घेतली, वर एक जहाज रंगवलेलं. परत आल्यावर तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी बसवून घेतली. गवंडी म्हणाला, आजी, ही आपल्या पणजीत मिळते. आई म्हणाली, मला ठाऊक आहे, तू सिमेंट लाव.